आबाजी म्हणतात, दगडं तं वावरातबी हायेत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका भाऊंचं पत्र आलंय. वय ३६, गावात कृषी केंद्र, घरचं थोडं वावर. येत्या मे महिन्यात मॉरिशसला जायचं ठरवतायत, ६ रात्री. स्वतः, बायको, ९ वर्षांची लेक आणि ६७ वर्षांचे वडील. घरातलं कोणी अजून विमानात बसलेलं नाही. पुण्याच्या मेव्हण्यांनी प्लॅन करून दिलाय, गाडी भाड्याने घ्यायची, बेटाला पूर्ण गोल चक्कर मारायची, ४ ठिकाणी मुक्काम. भाऊंना स्वतः गाडी चालवायची आहे, "ट्रॅक्टर, पिकअप, बोलेरो सगळं चालवतो ताई, तिथले रोड तर आपल्यापेक्षा चांगलेच असतील." बायको म्हणते ड्रायव्हर घ्या, परक्या मुलखात लेकराला घेऊन प्रयोग नको. वडील, म्हणजे घरचे आबाजी, तर यायलाच तयार नाहीत, म्हणतात "दगडंच पाहाले एवढ्या दूर जाचं काय काम हाय? आपल्या वावरात काय कमी हायेत?" आणि आता कोणीतरी भाऊंना सांगितलंय की मॉरिशसचा ज्वालामुखी कधीचाच थंड झालाय, त्यामुळे त्यांना वाटतंय की ज्वालामुखीचं बेट म्हणून गेलो आणि ज्वालामुखीच नसला तर पैसे पाण्यात, मग बाली करावं का?

भाऊ, तुमच्या पत्रात सगळ्यात शहाणं वाक्य आबाजींचं आहे. रागावू नका, खरंच सांगते. त्यांना माहीत नसेल पण ते जे बोलले ते शास्त्राला धरून आहे.

आपली काळी माती, जिच्यात तुमची पऱ्हाटी उभी राहते, ती ज्या दगडातून झाली तो सगळा लाव्ह्याचा दगड. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून एका जागी लय प्रचंड लाव्हा वर आला, थरावर थर साचले, त्याला आपण दख्खनचं पठार म्हणतो. ती जी खालची चूल होती ती काही विझली नाही, ती तिथंच राहिली आणि वरची जमीन सरकत गेली. घरी गॅसवर पापड भाजताना आपण तो ज्योतीवरून सरकवत नेतो आणि त्याच्यावर ओळीने डाग पडत जातात ना, तसं समजा. पहिला मोठा डाग आपला, मग खाली समुद्रात मालदीवकडची रांग, मग कितीतरी नंतर म्हणजे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आत्ता ती चूल पेटलेली आहे मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली. म्हणजे तुम्ही ज्या दगडाला ठेच लागली की शिव्या घालता त्याचाच लहान भाऊ बघायला साडेचार-पाच हजार किलोमीटर जाणार आहात. आबाजींना हे सांगा. पटवायला नाही, नुसतं सांगा.

आता ज्वालामुखी थंड आहे म्हणून पैसे पाण्यात का, तर मला वाटतं तुम्ही डोळ्यासमोर लाल लाव्हा, धूर, असा टीव्हीतला सीन धरून बसलायत. ९ वर्षांचं लेकरू आणि ६७ वर्षांचे वडील सोबत असताना थंड ज्वालामुखी हीच चांगली गोष्ट नाही का हो? बाली वाईट नाही, तिथले आगुंग आणि बातूर हे दोन्ही ज्वालामुखी जिवंत आहेत, पण २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आगुंगच्या राखेमुळे तिथलं विमानतळ बंद पडलं होतं आणि हजारो लोक अडकले होते, आणि तिकडच्या अरुंद रस्त्यांवर स्कूटरांचा जो पूर असतो त्यात पहिल्यांदा परदेशात गाडी हाती घेणाऱ्याने घुसू नये असं माझं मत. रियुनियनचा डोंगर तर वरचेवर फुटतो, २००७ मध्ये लाव्हा किनाऱ्याचा मेन रोड ओलांडून समुद्रात गेला होता. पण ते फ्रान्सचं बेट, गाडी उजव्या बाजूने चालवायची, व्हिसाची भानगड वेगळी. पहिल्या ट्रिपला मॉरिशसच बरं. गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूने, व्हिसा आधी काढावा लागत नाही (परतीचं तिकीट, राहायचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत, आणि निघायच्या आधी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा), आणि लोकांना आपल्या माणसांची सवय आहे. १८३४ पासून आपल्याकडची माणसं गिरमिटाखाली, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे उसाच्या कामाला नेली, त्यात मराठी माणसंही होती, कोकणातली जास्त. आजही तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते.

बरं आता खरी गोष्ट. "बेटाला पूर्ण गोल चक्कर."

हे कोणाला हवंय भाऊ? नकाशावर बघितलं की बेट केवढंसं, उभं ६५ किलोमीटर, आडवं ४५. आपल्याकडे तेवढं तर माणूस कापसाचा भाव विचारायला जाऊन येतो. म्हणून मेव्हण्यांना वाटलं असणार की अर्धवट कशाला सोडायचं. पण गावात परत आल्यावर "आख्खं बेट पालथं घातलं" म्हणता यावं यासाठी ६ रात्रीत ४ हॉटेलं करायची, म्हणजे दर दीड दिवसाला बॅगा भरा, ओले टॉवेल पिशवीत कोंबा, आबाजींच्या गोळ्या कुठल्या बॅगेत गेल्या ते शोधा. मी हे केलंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही गेलो, मी, हे आणि माझी नणंद, ५ रात्री ४ हॉटेलं, आणि आज मला त्यातल्या दोन हॉटेलांचा जिना तेवढा आठवतो. बाकी समुद्र, उसाचं रान, सगळं एकात एक मिसळून गेलं.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. तुमचा प्रवास बघा ना, गाव ते नागपूर, नागपूर ते मुंबई, विमानतळावर रात्र काढा, मग सहा-एक तासांचं विमान, घड्याळ दीड तास मागे. एवढं झाल्यावर माणसाच्या हातात गाडीची चावी देऊच नये. विमानतळ बेटाच्या खालच्या कोपऱ्यात आहे, माहेबुर्ग आणि ब्लू बे तिथून हाकेच्या अंतरावर. पहिली रात्र तिथेच काढायची, टॅक्सीने जायचं, पोरगी समुद्रात पाय बुडवेल, आबाजी झोपतील. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यायची. मग पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारिनला एकच घर किंवा हॉटेल घ्या, सलग ४ रात्री, स्वयंपाकाची सोय असलेलं मिळालं तर फार उत्तम, वहिनींवर स्वयंपाक टाकायला नाही, आबाजींना रात्री वरणभात लागेल म्हणून. शेवटची रात्र परत विमानतळाजवळ. उत्तर राहील, पूर्व राहील. राहू द्या.

गाडी चालवायचा दिवस म्हणजे तो दुसरा दिवस, माहेबुर्ग ते पश्चिम किनारा, दक्षिणेच्या रस्त्याने. अंतर शंभराच्या आतलं पण त्याला पूर्ण दिवस द्या. सुयाकला ग्री ग्री नावाची जागा आहे, बाकी बेटाभोवती पोवळ्यांची भिंत आहे म्हणून पाणी शांत, इथे ती भिंत तुटलीय आणि लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात, तिथे पाण्यात उतरायचं नाही, पोरीचा हात सोडायचा नाही. जवळच रॉचेस्टर धबधबा, त्याचा कडा बघा, दगडाचे उभे खांब एकाला एक चिकटून रचल्यासारखे. लाव्हा हळूहळू थंड झाला की आक्रसतो आणि असा खांबाखांबाने तडकतो. अगदी असेच खांब तुमच्याच जिल्ह्यात शिबल्याजवळ सापडलेत, जायच्या आधी एखाद्या रविवारी ते बघून या, पोरीला तिकडे गेल्यावर ओळखू येईल. मग माकोंदेचं वळण, समुद्राच्या अगदी कडेने रस्ता कड्याला वळसा घालून जातो, तिथे स्पीड मारायचा नाही. आणि पुढे ले मॉर्नचा डोंगर, ५५६ मीटर, पळून आलेले गुलाम तिथे लपून राहायचे म्हणून त्याला २००८ साली जागतिक वारसा म्हटलंय. डोंगर चढू नका, खालून बघा.

या रस्त्यावर आबाजी आले असतील तर एक गोष्ट त्यांना दाखवाच. उसाच्या वावरांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, काही तर पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले, घराएवढे उंच. जमीन उसासाठी साफ करताना माणसांनी हाताने वेचून काढलेले दगड आहेत ते. आपण धुऱ्यावर नेऊन टाकतो, त्यांनी वावरातच ढीग घातले. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी थांबवायला लावली होती, हे म्हणाले काय झालं, मी म्हटलं काही नाही, बाबांची आठवण झाली.

आता चालवायचं कोणी. तुम्ही आणि वहिनी दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहात. तुमचा हात चांगला असणार यात मला शंका नाही, पण आपल्याकडे चांगला ड्रायव्हर म्हणजे जो गर्दीतून, गुराढोरांतून, हॉर्न वाजवत गाडी काढतो तो. तिकडे उलट आहे. झेब्रा पट्ट्यावर माणूस उभा दिसला की थांबायचं, खरंच थांबायचं. गोल चौक जागोजागी आहेत आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आमच्या ह्यांना कुठून बाहेर पडायचं तेच कळेना म्हणून एका चौकाला तीन चकरा झाल्या, नणंद मागून म्हणाली, झाली प्रदक्षिणा, आता पाया पडा. मोटरवेवर जास्तीत जास्त ११० आणि गावात शिरलं की एकदम कमी, कॅमेरे आहेत. गावातले रस्ते अरुंद, कडेला साईडपट्टीच नाही, सरळ दगडी भिंत नाहीतर ऊस. मे महिन्यात ऊस पुरुषभर उंच उभा असतो, तोडणी जूनपासून पुढे, त्यामुळे वळणावर समोरचं काही दिसत नाही, तूर उंच झाल्यावर पांदणीतून मेन रोडला गाडी काढताना जसं होतं तसं. आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही. मे म्हणजे त्यांचा हिवाळा लागायची वेळ, आपल्याकडे सातपर्यंत उजेड असतो, तिकडे पावणेसहाला सूर्य गेलेला असतो आणि मग झपकन अंधार. पाचला मुक्कामावर पोचायचं असा नियमच करा.

म्हणून माझं म्हणणं, दक्षिणेचा दिवस आणि पश्चिम किनाऱ्यावरचं जवळपासचं तुम्ही चालवा. मधल्या पठाराचा दिवस मात्र ड्रायव्हरसकट टॅक्सीने करा. तिथे धुकं, पाऊस, चढ-वळणं, आणि बघण्यासारखं इतकं की चालवणाऱ्याचंच नुकसान. शामारेलची सात रंगांची माती (लाव्ह्याचा दगड कुजून त्यातलं लोखंड नि ॲल्युमिनियम उरलं की असे तांबडे-जांभळे रंग येतात), काळ्या नदीच्या दऱ्यांचा नॅशनल पार्क, गंगा तलाव, तो तलावही ज्वालामुखीच्या तोंडातलाच आहे आणि काठावर १०८ फुटांचा महादेव. क्युरपीप गावाच्या मधोमध त्रू ओ सेर नावाचं ज्वालामुखीचं तोंड आहे, सुमारे ८० मीटर खोल, आत झाडी, काठाने लोक सकाळी फिरायला येतात. लोणारचा काठ पाहिला असेल तर तुम्हाला ते लहानसंच वाटेल, पण फरक पोरीला समजावून सांगा, लोणारला दगड वरून पडला, इथे खालून आला. आणि पोर्ट लुईला, जिथे गिरमिटिये उतरले तो आप्रवासी घाट बघायला जाल तेव्हा बसने जा, त्या शहरात सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिक तुंबलेलं असतं.

वहिनींना नकाशा द्या. नुसतं शेजारी बसवू नका, रस्ता त्यांनी सांगायचा आणि "आता बस, इथे थांबा" हे म्हणायचा हक्क त्यांचा, त्यावर वाद नाही. नावं फ्रेंच आहेत, लिहिलेलं एक आणि बोललेलं भलतंच, त्यामुळे ऐकून नाही, पाटीची अक्षरं जुळवून जायचं. नकाशा मोबाईलमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवा.

कागदांचं थोडं. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढून ठेवा, १००० रुपये फी, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्स सोबतच ठेवायचं. गाडी बुक करायच्या आधी विचारून घ्या की डिपॉझिटला क्रेडिट कार्डच लागतं का, कारण बऱ्याच ठिकाणी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि गावाकडे आपल्यातल्या निम्म्या लोकांकडे ते नसतं. यूपीआय आणि रुपे तिकडे २०२४ पासून सुरू झालंय पण त्याच्या भरवशावर डिपॉझिट सोडू नका. गाडी हातात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, बंपरच्या खालून सुद्धा. आमच्या गाडीला आधीपासून ओरखडा होता, आम्ही लाजून काही बोललो नाही, परत देताना पैसे आमच्याकडून घेतले. आबाजींना शुगर-बीपी असेल तर गोळ्या स्ट्रिपमध्येच, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, झोपेच्या किंवा जास्त ताकदीच्या दुखण्याच्या गोळ्यांबाबत तिकडे नियम कडक आहेत. कृषी केंद्रवाले म्हणून तुम्हाला खास सांगते, बियाणं, रोप, फळं परवान्याशिवाय नेऊ नका आणि आणू पण नका. शामारेलला रंगीत माती काचेच्या नळीत भरून विकतात, तिचाही मोह नको.

मे महिना तुम्ही बरोबर निवडलाय. वादळांचा मुख्य सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, जानेवारी-मार्च जास्त. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. दुसऱ्या कोणी वाचकाला त्या महिन्यांत स्वस्त तिकीट मिळत असेल तर आधी हे लक्षात घ्या, तिकडे वादळाचा इशारा १ ते ४ नंबरचा असतो, ३ लागला की घरातून निघायचं नाही, भाड्याची गाडी उभीच राहणार. महाशिवरात्रीच्या आसपासही गाडी घेऊन गंगा तलावाकडे जाऊ नका, लाखो माणसं पायी निघालेली असतात. खाण्याची काळजी करू नका, डालपुरी रस्त्यावर मिळते, आणि गातो पिमाँ म्हणून जे विकतात ते आपले डाळवडेच, फक्त तर्री नाही.

राहिले आबाजी. तुम्ही लिहिलंय ते "ऐकतच नाहीत". भाऊ, मे महिन्यात शेतकरी माणसाला घराबाहेर काढताय तुम्ही. वखरणी, शेणखत, बियाण्याची जुळवाजुळव, आणि गोठ्यात बैलजोडी असेल तर तिला वैरण-पाणी कोण करणार? दगडाचं निमित्त आहे असं मला वाटतं. त्यांना विमानाची भीती वाटत असेल, खर्च ऐकून छातीत धस्स झालं असेल, किंवा परक्या घरी कमोडवर बसायचं कसं हाही प्रश्न असू शकतो, म्हातारी माणसं हे तोंडाने बोलत नाहीत. नातीला विचारायला लावा, तिला खरं सांगतील. बैलांची सोय कोणावर सोपवायची ते त्यांनाच ठरवू द्या. आणि एवढं करून नाहीच म्हणाले तर ओढून नेऊ नका, रुसून पण जाऊ नका, त्या दगडाच्या ढिगापाशी थांबून व्हिडिओ कॉल लावा. लक्षात ठेवा, तिकडे साडेचार म्हणजे इकडे सहा, गुरं परत यायची वेळ, तेव्हा फोन उचलणार नाहीत.

पण ते हो म्हणतील हे धरून पासपोर्टचं काम याच आठवड्यात सुरू करा. त्यांच्या आधारवरचं नाव आणि जन्मतारीख पॅनशी जुळते का ते आधी बघा, आपल्याकडच्या त्या वयाच्या माणसांची जन्मतारीख मास्तरांनी घातलेली १ जून असते आणि सगळा घोळ तिथेच अडतो.